हातातल्या यंत्रावर जुने व्हिडिओ गेम : शक्यता, मर्यादा आणि कायदा

खिशात मावणाऱ्या गेम यंत्रावर जुन्या काळातील टीव्ही गेम खेळता येतात का, हा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. त्याचे थोडक्यात उत्तर ‘होय’ असे आहे. परंतु कोणत्या यंत्रावर कोणत्या पिढीचे खेळ चालतील, ते मूळच्यासारखे दिसतील का आणि त्यांची प्रत बाळगणे कायद्यात बसते का, हे पाहिल्याशिवाय ते उत्तर पूर्ण होत नाही. मुंबई-पुण्यात तयार झालेल्या काही खेळांचे भवितव्यही या प्रश्नात गुंतलेले आहे. त्या दृष्टीने या विषयाचा हा आढावा.

माळ्यावरचा ‘व्हिडिओ गेम’

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत जो ‘व्हिडिओ गेम’ आला, तो बहुतांशी जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ या यंत्राची नक्कल होता. मूळ यंत्र जपानमध्ये १९८३ मध्ये विक्रीस आले आणि ‘एनईएस’ या नावाने १९८५ मध्ये अमेरिकेत पोहोचले. आपल्याकडे ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांची त्याची भावंडे मिळत. कार्ट्रिजला सर्रास ‘कॅसेट’ म्हटले जाई. एकाच कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याचा दावा वेष्टनावर असे. प्रत्यक्षात त्यांतील बरेच खेळ नाव बदलून पुन्हापुन्हा आलेले असत. मारिओ, काँट्रा आणि बंदुकीने बदके टिपण्याचा खेळ एका पिढीला ठाऊक झाला तो याच यंत्रांमुळे. मुंबईत लॅमिंग्टन रोड, मनीष मार्केट किंवा हाजीअलीजवळील हिरा-पन्ना ही अशा वस्तूंची ठरलेली ठिकाणे होती.

त्या यंत्रांतील बहुतेक आज बंद पडली आहेत. कॅसेटच्या पट्ट्या गंजल्या, अ‍ॅडॉप्टर जळाले आणि ज्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीला ती जोडली जात, ते टीव्हीही भंगारात गेले. खेळ मात्र नष्ट झालेले नाहीत. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या १९८५ च्या खेळाचा संपूर्ण आकार अवघा ४० किलोबाइट आहे. मोबाइलवर काढलेले एक साधे छायाचित्रही त्याहून कितीतरी पट मोठे असते. एवढी लहानशी माहिती कोठेही ठेवता येते. अडचण आहे ती माहिती समजणाऱ्या यंत्राची, आणि तेथेच एम्युलेटरचे काम सुरू होते.

एम्युलेटर म्हणजे काय?

प्रत्येक गेम यंत्राच्या प्रोसेसरची स्वतःची भाषा असते. एनईएससाठी लिहिलेला खेळ त्या यंत्राच्या भाषेत आज्ञा देतो. आजच्या यंत्रातील प्रोसेसरला त्या आज्ञा कळत नाहीत. एम्युलेटर ही संगणकप्रणाली दुभाष्याप्रमाणे मध्ये उभी राहते. जुनी आज्ञा वाचायची, तिचा अर्थ लावायचा आणि तोच परिणाम नव्या यंत्राकडून घडवून आणायचा, हे काम ती दर सेकंदाला लक्षावधी वेळा करते. प्रोसेसरखेरीज चित्र काढणारी चिप, आवाजाची चिप आणि स्मृती यांचे वर्तनही तिला हुबेहूब वठवावे लागते.

या संदर्भात तीन वेगळ्या गोष्टींची नेहमी गल्लत होते. पहिली, जुने हार्डवेअरच नव्या यंत्रात बसविणे. २००१ च्या ‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स’मध्ये जुन्या गेम बॉयचा प्रोसेसरही होता, म्हणून जुन्या कॅसेट त्यात थेट चालत. दुसरी, जुन्या यंत्राची एका चिपवर केलेली नक्कल. जत्रेत, रस्त्यावरच्या खेळण्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारी ‘४०० इन १’ छापाची स्वस्त यंत्रे बहुधा या प्रकारात मोडतात. त्यांत दुसऱ्या पिढीचा खेळ घालता येत नाही. तिसरी म्हणजे खरे एम्युलेशन. तेथे सारे काम सॉफ्टवेअर करते आणि म्हणून एकच यंत्र अनेक जुन्या यंत्रांची रूपे घेऊ शकते. नव्वदच्या दशकात घरोघरी असलेला ‘९९९९ इन १’ हा विटांचा हातखेळ या तिन्हींपैकी कशातच बसत नाही. तो स्वतंत्र आणि अगदी साधे यंत्र होते.

ताकद किती लागते?

दुभाष्याला वक्त्यापेक्षा चपळ असावे लागते. त्याचप्रमाणे एम्युलेटर चालविणारे यंत्र मूळ यंत्रापेक्षा बरेच वेगवान असावे लागते. एनईएसच्या प्रोसेसरचा वेग सुमारे १.७९ मेगाहर्ट्झ आणि मुख्य स्मृती दोन किलोबाइट होती. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचा वेग १६.७८ मेगाहर्ट्झ, म्हणजे नऊ पटींहून अधिक. एवढ्या अंतरामुळे निन्टेन्डोने २००४ मध्ये स्वतःच आपले जुने एनईएस खेळ या हातातल्या यंत्रासाठी एम्युलेशनद्वारे पुन्हा विकले. हातातल्या यंत्रावरील एम्युलेशन ही केवळ हौशी मंडळींची उठाठेव आहे, हा समज त्यामुळे टिकत नाही.

सोनीच्या ‘पीएसपी’चे उदाहरण अधिक बोलके आहे. हे यंत्र जपानमध्ये डिसेंबर २००४ मध्ये आले. त्याचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत चालू शके आणि पहिल्या आवृत्तीत ३२ मेगाबाइट स्मृती होती. मूळ प्लेस्टेशनचा वेग सुमारे ३४ मेगाहर्ट्झ आणि मुख्य स्मृती दोन मेगाबाइट होती. शिवाय दोन्ही प्रोसेसर एकाच ‘मिप्स’ कुळातील असल्याने भाषांतराचा बराच भार हलका झाला. सोनीने २००६ च्या अखेरीस पीएसपीवर मूळ प्लेस्टेशनचे खेळ चालविण्याची अधिकृत सोय दिली. हौशी प्रोग्रामरांनी याच यंत्रावर एनईएस, सेगा मेगाड्राइव्ह, गेम बॉय अ‍ॅडव्हान्स यांचे एम्युलेटरही चालवून दाखविले. सुपर निन्टेन्डोचे काही खेळ मात्र त्यावर अडखळत.

केवळ मेगाहर्ट्झचे आकडे पाहून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. खेळ ‘चालणे’ आणि तो मूळ यंत्राइतका ‘अचूक’ चालणे यांत मोठे अंतर आहे. सुपर निन्टेन्डोचा प्रोसेसर जेमतेम ३.५८ मेगाहर्ट्झचा होता. तरीही ‘बीस्नेस’ या अचूकतेसाठी प्रसिद्ध असलेल्या एम्युलेटरच्या कर्त्याने २०११ मध्ये दाखवून दिले, की त्याची काटेकोर नक्कल करण्यास सुमारे तीन गिगाहर्ट्झचा संगणक लागतो. जुन्या यंत्रातील चिपा परस्परांशी नेमक्या क्षणी बोलत. तो क्षण चुकला तर एखाद्या खेळात सावली गायब होते किंवा अखेरच्या टप्प्यावर पडदा गोठतो. सेगा सॅटर्नमध्ये दोन मुख्य प्रोसेसर आणि त्यांच्या दिमतीला आणखी अनेक चिपा होत्या. म्हणून त्याच काळातील प्लेस्टेशनपेक्षा त्याची नक्कल दीर्घकाळ अवघड ठरली.

आजच्या यंत्रांवर काय चालते?

आज बाजारात असलेल्या हातातल्या यंत्रांचे ढोबळमानाने तीन गट पाडता येतात. अ‍ॅनबर्निकसारख्या चिनी कंपन्यांची लिनक्सवर चालणारी छोटी यंत्रे पहिल्या गटात येतात. एनईएस, मेगाड्राइव्ह, सुपर निन्टेन्डो, गेम बॉयच्या तिन्ही पिढ्या आणि मूळ प्लेस्टेशन यांना ती पुरेशी ठरतात. निन्टेन्डो ६४ चे काही खेळ त्यांवर रडतखडत चालतात.

दुसरा गट अँड्रॉइडवर चालणाऱ्या अधिक सामर्थ्यवान यंत्रांचा. चांगला मोबाइल फोनही याच गटात मोडतो. पीएसपी आणि ड्रीमकास्ट येथे सहज, तर प्लेस्टेशन २ चे बरेच खेळ यंत्राच्या ताकदीनुसार चालतात. आयफोनवर मात्र २०२४ पर्यंत अशा प्रणालींना अधिकृत दुकानात जागा नव्हती. अ‍ॅपलने त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये नियम शिथिल केल्यानंतर ‘डेल्टा’सारखे एम्युलेटर तेथे उपलब्ध झाले.

तिसऱ्या गटात व्हॉल्व्ह कंपनीचे २०२२ मध्ये आलेले ‘स्टीम डेक’ आणि त्याच्या जातीची यंत्रे येतात. ही वस्तुतः हातात धरण्याजोगे पूर्ण संगणकच आहेत. १६ गिगाबाइट स्मृतीमुळे प्लेस्टेशन २ आणि गेमक्यूबपर्यंतची बहुतेक यंत्रे त्यांवर समाधानकारक चालतात. प्लेस्टेशन ३ चे खेळ मात्र तेथेही सरसकट चालत नाहीत, कारण त्या यंत्राच्या ‘सेल’ प्रोसेसरची रचना फार वेगळी होती. निन्टेन्डो स्विचचा मार्ग यांहून निराळा आहे. तेथे कंपनी मासिक वा वार्षिक वर्गणीवर स्वतःच निवडक जुने खेळ देते. जून २०२५ मध्ये आलेल्या ‘स्विच २’वर त्यांत गेमक्यूबच्या खेळांची भर पडली.

हातात धरल्यावर उरणाऱ्या अडचणी

ताकद पुरेशी असली तरी काही गोष्टी हातातल्या यंत्रावर तशाच राहत नाहीत. जुने खेळ चौकोनी टीव्हीसाठी आखलेले होते. एनईएसचे चित्र २५६ गुणिले २४० बिंदूंचे होते. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या पडद्यावर उंचीला केवळ १६० बिंदू असल्याने तेथे चित्र दाबून बसवावे लागे आणि अक्षरे फिसकटत. आजच्या ८०० बिंदू उंचीच्या पडद्यावर हेच चित्र नेमके तिप्पट करता येते, म्हणून ते स्वच्छ दिसते. रुंद पडद्यावर मारिओ आडवा ताणण्याचा मोह टाळलेला बरा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू देणे हेच मूळ रूपाला धरून आहे.

बदके टिपण्याच्या खेळाची गत वेगळी आहे. त्यातील बंदूक पिक्चर ट्यूबच्या प्रकाशावर अवलंबून होती. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई, लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि बंदुकीतील प्रकाशग्राहक तो टिपे. आधुनिक पडद्यावर चित्र उमटण्यास जो सूक्ष्म विलंब होतो, त्यामुळे ही युक्ती चालत नाही. एम्युलेटरमध्ये बोटाने पडद्याला स्पर्श करून नेम साधावा लागतो. बदके तीच, पण नेमबाजी ती नव्हे.

आपल्याकडील वाचकांना आणखी एक फरक जाणवण्याची शक्यता आहे. मूळ जपानी आणि अमेरिकी यंत्रे सेकंदाला सुमारे ६० चित्रे दाखवीत. भारतातील टीव्ही ‘पाल’ पद्धतीचे, म्हणजे सेकंदाला ५० चित्रांचे होते आणि त्यांच्यासाठी बनविलेल्या नकली यंत्रांचा वेगही तेवढाच होता. हाताशी असलेल्या एम्युलेटरवर लहानपणचा खेळ उघडल्यास तो विचित्र घाईने धावतो असे वाटते ते त्यामुळेच. खेळ बिघडलेला नसतो. लहानपणीच तो संथ चालत होता. काही एम्युलेटरांत यासाठी ‘डेंडी’ नावाचा पर्याय असतो. डेंडी हे रशियात १९९२ पासून विकल्या गेलेल्या अशाच नकली यंत्राचे नाव. तो पर्याय निवडला, की आपल्या माळ्यावरच्या यंत्राचा वेग बव्हंशी परत मिळतो.

बॅटरीचा विचारही महत्त्वाचा. हातातल्या यंत्राचे खरे प्रयोजन प्रवासात असते. पनवेलहून पेण, नागोठणे, निडी अशी स्थानके घेत रोह्याला जाणाऱ्या गाडीत चार्जिंगची सोय मिळेलच असे नाही. एनईएसच्या पिढीचे खेळ बॅटरीवर फारसा भार टाकत नाहीत. प्लेस्टेशन २ च्या पिढीचे खेळ मात्र तीच बॅटरी झपाट्याने रिकामी करतात. स्टीम डेकच्या पहिल्या आवृत्तीसाठी व्हॉल्व्हनेच दोन ते आठ तास असा मोठा पल्ला सांगितला होता, तो याच कारणाने.

कायदा काय सांगतो?

एम्युलेटर आणि खेळाची प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतंत्रपणे लिहिलेला एम्युलेटर सामान्यतः बेकायदा मानला जात नाही. अमेरिकेत सोनीने ‘कनेक्टिक्स’ कंपनीवर भरलेल्या दाव्यात अपिलीय न्यायालयाने २००० मध्ये सोनीच्या विरोधात निकाल दिला आणि अभ्यासासाठी प्रणालीची उकल करणे न्याय्य वापर ठरविले. मात्र स्विचचा एम्युलेटर असलेल्या ‘युझू’च्या निर्मात्यांना मार्च २०२४ मध्ये २४ लाख डॉलर देण्याचे मान्य करून काम थांबवावे लागले. त्या वादाचा रोख यंत्रातील संरक्षक कुलूप भेदण्यावर होता.

भारतात संगणकप्रणालीला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण आहे. त्याच्या कलम ५२ नुसार प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्यास हानीपासून बचावासाठी तात्पुरती राखीव प्रत करता येते. स्वतंत्र प्रणाली दुसऱ्या प्रणालीशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती अन्यथा सहज मिळत नसेल, तर ती मिळविण्यासही मुभा आहे. याउलट २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-ए अन्वये, हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक तांत्रिक उपाय भेदणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. जो खेळ कधी विकतच घेतला नाही, त्याची प्रत उतरवून घेण्यास या सवलतींचा आधार मिळत नाही. हजारो खेळ आधीच भरून विकली जाणारी यंत्रे घेताना ही बाब ध्यानात ठेवावी. काही एम्युलेटरांना लागणारी यंत्राची मूळ ‘बायोस’ फाइलही कंपनीच्या मालकीची असते.

‘इतका जुना खेळ आता मोकळाच झाला असेल’ ही समजूतही चुकीची आहे. भारतीय कायद्यात संगणकप्रणाली साहित्यकृतीत गणली जाते आणि तिचे संरक्षण सर्वसाधारणपणे कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते. त्या मुदतीत कागद टिकू शकतो. चुंबकीय आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमे टिकण्याची खात्री नसते.

महाराष्ट्रात घडलेले खेळ

मारिओची चिंता करण्याचे कारण नाही. त्याचा मालक समर्थ आहे आणि दर पिढीत तो खेळ नव्याने विकतो. प्रश्न आहे तो ज्यांचे मालक बदलले, दुकाने मिटली किंवा यंत्रे बंद झाली त्या खेळांचा. अमेरिकेतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात विकत मिळत नाहीत.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर मुंबईत विशाल गोंडल यांनी १९९९ मध्ये स्थापन केलेल्या ‘इंडियागेम्स’ने जावावर चालणाऱ्या साध्या मोबाइल फोनसाठी पुष्कळ खेळ तयार केले. पुढे ही कंपनी यूटीव्हीकडे आणि नंतर डिस्नेकडे गेली. डिस्नेने २०१६ मध्ये भारतातील गेमनिर्मितीचा व्यवसाय गुंडाळला. हे खेळ कॅसेटवर किंवा चकतीवर आले नव्हते. ते फोनवर उतरवून घेतले जात आणि फोन मोडीत गेला, की त्याबरोबर जात. एकाच खेळाच्या वेगवेगळ्या पडद्यांसाठी वेगवेगळ्या आवृत्त्या असत, त्यामुळे त्यांची मोजदादही अवघड आहे. ज्यांच्या फाइली उरल्या आहेत, ते मात्र ‘जे२एमई लोडर’सारख्या प्रणालीवर कोणत्याही अँड्रॉइड यंत्रात चालू शकतात. त्यांचा आकार बहुधा काहीशे किलोबाइटच असतो.

प्लेस्टेशन २ ची गोष्टही अशीच. हे यंत्र भारतात उशिरापर्यंत टिकले आणि म्हणून येथील खेळही त्याच्या उतरत्या काळात आले. विटीदांडू, कबड्डी यांसारख्या खेळांचा ‘देसी अड्डा’ २००९ मध्ये प्लेस्टेशन २ आणि पीएसपी या दोहोंसाठी निघाला. तो हैदराबादेत तयार झाला होता. मुंबईच्या ट्राइन कंपनीचा गल्ली क्रिकेटवरील ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ २०१० चा. प्लेस्टेशन २ चे उत्पादन त्यानंतर दोन-तीन वर्षांतच जगभर थांबले. ज्यांच्या घरी या खेळांच्या चकत्या आहेत, त्यांना यंत्र बिघडल्यानंतर त्या पाहण्याचा मार्ग एम्युलेटर हाच उरतो. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने घडविलेला ‘राजी’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये सर्वप्रथम निन्टेन्डो स्विच या हातात धरता येणाऱ्या यंत्रावरच आला. तो आज इतर यंत्रांवरही मिळतो, ही त्याच्या दृष्टीने सुरक्षिततेची बाब आहे.

पुस्तकांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांकडे जमा करण्याची सक्ती १९५४ च्या कायद्याने आहे आणि मुंबई हे त्यांतील एक केंद्र आहे. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तोवर मूकपटांच्या काळातील बहुतेक चित्रपट हातचे गेले होते. व्हिडिओ गेमसाठी १९५४ च्या त्या कायद्यात जागा नाही. तोपर्यंत हे जतन घरोघरच्या कपाटांवर आणि हौशी प्रोग्रामरांच्या चिकाटीवर अवलंबून आहे.

ज्यांच्याकडे जुने यंत्र, चकत्या किंवा जावाचे खेळ असलेला फोन असेल, त्यांनी तो भंगारात देण्यापूर्वी काही साध्या गोष्टी कराव्यात. फोनच्या मेमरी कार्डावरील खेळांच्या फाइली संगणकावर उतरवून ठेवाव्यात. चकत्या उन्हापासून आणि कोकणातील दमट हवेपासून दूर, उभ्या ठेवाव्यात. कॅसेटच्या पट्ट्या तोंडाने फुंकून साफ करण्याची जुनी सवय सोडावी, कारण उच्छ्वासातील ओलाव्याने त्या गंजतात. कापसाच्या बोळ्यावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसणे चांगले. हातातले नवे यंत्र जुने खेळ दाखवू शकते, पण त्यासाठी खेळाची मूळ प्रत कोणीतरी जपून ठेवलेली असावी लागते.